मंजुळाबाईंची काळी चार

एकदा एका वृद्ध गिटारवादकाकडे एक शिष्य विद्या मागायला आला. गिटार म्हणजे विजेवरची, घन लाकडाची, स्पीकरला जोडल्याशिवाय जिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही, ती. गुरू-शिष्य म्हटले की काही वाचकांना तंबोरा आणि आम्रवृक्षाची छाया आठवते. त्यांनी कृपया थोडा धीर धरावा. ज्ञान कोणत्या वाद्यातून यावे याचा नियम अजून कोणी केलेला नाही.

या वृद्धाला सारे गाव मास्तर म्हणत असे. तारुण्यात त्यांनी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, मग गावी परतून शिकवू लागले. शिष्य आला तेव्हा त्याच्या पाठीवर गिटार होती आणि हातात पायाने दाबायच्या डब्यांनी भरलेली पिशवी. एक डबी सूर घुमवणारी, एक फाडणारी, आणि एक, तिचा त्याला विशेष अभिमान, सूर सरकवणारी. तारेवर बोट जिथे आहे तिथेच राहते, पण त्या डबीत सुराचे आकडे होतात आणि बाहेर पडताना तो हवा तितका वर किंवा खाली गेलेला असतो.

मास्तरांनी पिशवीकडे पाहिले आणि म्हणाले, "चपला कुठे काढल्यास?"

"उंबऱ्याबाहेर."

"मग हेही तिथेच ठेव. सूर बोटात असतो, पायात नसतो."

शिष्याला हे वाक्य इतके आवडले की त्याने ते आपल्या सगळ्या मित्रांना ऐकवले. पुढे दोन पावसाळे तो नुसत्या लाकडावर आणि तारांवर शिकला. त्याचा कान मुळातच तल्लख होता. भांडे पडले तरी ते कोणत्या सुरात पडले हे तो सांगे, आणि कोणी विचारले नाही तरीही सांगे.

मास्तरांकडे मंजुळाबाई नावाची एक वयस्कर गायिका तालमीला येई. दोघांची साथ तरुणपणापासूनची. वर्षातून एकदा, गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी, बाई गात आणि मास्तर वाजवत. शेवटी एक नदीचे गाणे ठरलेले असे. त्याच्या अंतऱ्यात सूर एकदम उंच चढे आणि तिथे सभागृहातली माणसे श्वास रोखून बसत. निवेदक दर वर्षी अभिमानाने सांगे, "मंजुळाबाई आजही काळी चारमध्ये गातात!" पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून गाणे ही बाईंच्या तरुणपणाची ओळख होती. गावाला तिचा असा अभिमान होता की जणू ती पट्टी नगरपालिकेनेच बसवली आहे.

बाईंची एक रीत होती. गाण्यापूर्वी त्या वाद्याला नमस्कार करीत. हात लावून छातीला लावण्याइतका उरकता नमस्कार नव्हे. खाली वाकून गिटारच्या लाकडावर कपाळ टेकवीत, आणि तेवढ्यात मास्तर हलकेच तारा छेडीत. मग बाई उठून स्पीकरच्या बाजूला आपल्या जागी जात आणि गाऊ लागत.

त्या वर्षीच्या एका तालमीत शिष्य मास्तरांच्या अगदी गुडघ्याला लागून बसला होता. बाईंचे गाणे सुरू झाले आणि त्याचे कान टवकारले. त्याला दोन गिटारी ऐकू येत होत्या. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून येणारा सूर पांढरी चारचा होता, म्हणजे गिटारच्या दांडीवरची तीन घरे खाली. आणि मास्तरांच्या बोटांखाली, तारेचा तो बारीक किणकिणाट, जो फक्त जवळ बसलेल्यालाच ऐकू जातो, तो मात्र काळी चारमध्येच होता. शिष्याने खाली पाहिले. मास्तरांच्या पायाजवळ घडी करून ठेवलेल्या शालीखालून एक वायर आत जात होती आणि एक बाहेर येत होती.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शिष्याच्या मनात पहिली हीच ओळ आली. ज्यांनी आपल्या डब्या चपलांशेजारी ठेवायला लावल्या, तेच शालीखाली डबी लपवून बसतात? आणि बाईंना, सगळ्या गावाला, काळी चार म्हणून पांढरी चार ऐकवतात? त्याला राग आला. त्याहून थोडा आनंदही झाला, कारण हे कोणाच्याच कानाला कळले नव्हते आणि त्याच्या कानाला कळले होते. माणूस सत्यासाठी संतापतो तेव्हा त्या संतापात स्वतःच्या हुशारीची किती भर आहे हे तपासून पाहावे. शिष्याने तपासले नाही. त्याने मास्तरांना विचारलेही नाही, आणि हे मला अधिक वाईट वाटते.

वर्धापनदिनाला वायरी जोडण्याचे काम त्याच्याकडे होते. शेवटच्या गाण्यापूर्वी निवेदक बोलायला उभा राहिला, मास्तर पाणी प्यायला विंगेत गेले, आणि शिष्याने शालीखाली हात घालून डबी सोडवली. गिटारची वायर त्याने थेट स्पीकरला जोडली. आपण एक असत्य दूर केले, असे त्याला मनापासून वाटले.

मास्तर येऊन बसले. बाई वाकल्या, कपाळ टेकवले, मास्तरांनी तारा छेडल्या, आणि मास्तरांचा हात थबकला. स्पीकरमधून खरीखुरी काळी चार आली होती. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत प्रश्न नव्हता. त्या उठल्या, जागेवर गेल्या आणि गायला लागल्या.

ध्रुवपद कसेबसे निभावले. अंतऱ्यात सूर चढायची जागा आली आणि बाईंचा आवाज तिथे पोचण्याआधीच फाटला. सभागृहात कोणी हलले नाही. बाईंनी पुन्हा ओळ घेतली. पुन्हा तिथेच फाटला. मागे कोणीतरी हसले आणि लगेच खोकल्याचे निमित्त केले. मास्तरांनी घाईने आपला हात तीन घरे खाली सरकवला, पण बाईंनी मागे येऊन त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "सगळे बघताहेत."

मग त्यांनी श्रोत्यांना हात जोडले आणि त्या पायऱ्या उतरून निघून गेल्या. निवेदकाने प्रकृतीचे कारण सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या ऐकवत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी शिष्य बोलणी खायच्या तयारीने गेला. वाटेत त्याने सत्यावर चार वाक्ये जुळवून ठेवली होती.  मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली, डबी जोडली, या वेळी शाल न घालता, आणि म्हणाले, "वाक. लाकडाला कपाळ टेकव."

शिष्य गोंधळला, पण वाकला. मास्तरांनी तारा छेडल्या.

"काय ऐकू येतं?"

"खोलीत पांढरी चार," शिष्य म्हणाला, "आणि लाकडातून, कपाळाच्या हाडातून..." तो थांबला.

"सांग की."

"काळी चार."

"आणि बाई दर वेळी कपाळ कुठे टेकवतात?"

शिष्य वाकलेलाच राहिला. त्याला मान वर करवेना. जुळवलेली चारही वाक्ये आठवेनाशी झाली.

मास्तर म्हणाले, "त्यांचा आवाज उतरायला लागला तेव्हा पहिल्यांदा मी ही डबी आणली. एकच घर खाली घेतलं. वाटलं, त्यांना कळणार नाही. त्यांनी नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिल्या. उठल्या आणि म्हणाल्या, 'आज हवा चांगली आहे, मास्तर. गळा मोकळा वाटतोय.' मी म्हटलं, 'हो, हवा चांगली आहे.' झालं. त्यानंतर आणखी दोन घरं उतरलो आम्ही, आणि त्याबद्दल एक अक्षर कधी बोललो नाही."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?"

"माझ्याआधी ठाऊक होतं. आपला आवाज उतरलाय हे गाणाऱ्याला कोणी सांगावं लागतं का? अरे, मी तुझ्या डब्या बाहेर ठेवायला लावल्या, कारण तू त्यांच्यामागे तुझं न शिकलेपण लपवत होतास. शिकायच्या वयात ते लपवू नये. पण जे शिकून, गाऊन, झिजून संपत आलं, त्याच्यावर कोणी शाल घातली तर ती ओढू नये. तुला वाटलं, तू खोटं उघडं पाडलंस. खोटं कोण कोणाला सांगत होतं? दोघांनाही खरं माहीत होतं. तू फक्त एका बाईची लाज चव्हाट्यावर आणलीस."

शिष्य म्हणाला, "मी पुन्हा जोडून देतो, मास्तर. बाईंना बोलवा. तीन काय, चार घरं खाली घेऊ."

"आता नाही जमायचं," मास्तर म्हणाले. "न बोलता दिलं होतं तोवर तो मान होता. आता सगळ्यांच्या देखत दिलं तर ती भीक होईल. बाई भीक घेणार नाहीत."

त्यांनी डबी सोडवली आणि शिष्याच्या हातात दिली. "ठेव तुझ्याजवळ. माझं काम संपलं हिच्याशी."

शिष्य त्याच संध्याकाळी बाईंकडे गेला. त्या ओट्याशी मेथी निवडत होत्या. त्याने पायांवर डोके ठेवले, काय केले ते सांगितले आणि रडला. बाईंनी त्याला उठवले, बसायला पाट दिला.

"तू खोटं काहीच केलं नाहीस रे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला रागावताही येत नाही. चहा घेशील?"

त्यांनी चहा केला. शिष्याच्या लक्षात आले की पूर्वी हातात काम असले की बाई गुणगुणत असत. आता गॅसचा आवाज, भांड्याचा आवाज, एवढेच होते. तो चहा त्याला संपवता आला नाही.

मंजुळाबाई पुन्हा गायल्या नाहीत. समारंभात नाहीत, मास्तरांच्या घरी नाहीत, स्वतःच्या स्वयंपाकघरातही नाहीत. पुढच्या वर्धापनदिनाला मास्तरांनी आमंत्रण नाकारले. त्यानंतरच्या थंडीत बाई गेल्या. गावाने शोकसभा घेतली, आणि निवेदकाने त्यांच्या काळी चारचा उल्लेख केला. शिष्य शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

शिष्याने मास्तरांना सोडले नाही. तो शिकला, मोठा झाला, स्वतः शिकवू लागला. पण रोज संध्याकाळी मास्तरांकडे जाई. मास्तर म्हातारे होत गेले. संधिवाताने बोटांची पेरे सुजली. ते गिटार हातात घेत, दोन-तीन सूर वाजवत आणि कपाळाला आठी घालून खाली ठेवत. "आताशा तारा फार कडक येतात बाजारात," म्हणत. शिष्याला ठाऊक होते की तारा त्याच कंपनीच्या होत्या, त्याच जाडीच्या. पूर्वीचा शिष्य असता तर हे त्याने लगेच सांगितले असते. तो म्हणाला, "हो ना. हल्ली माल तसाच येतो."

हळूहळू मास्तरांनी गिटार घेणेच सोडले. ती भिंतीला टेकून उभी असे आणि ते तिच्याकडे पाठ करून बसत. ज्या माणसाने आयुष्यभर एकच काम केले, त्याला त्या कामाकडे पाठ करून बसलेले पाहणे फार अवघड असते.

एके दिवशी शिष्य म्हणाला, "तारांना गंज चढलाय, बदलून आणतो," आणि गिटार घरी घेऊन गेला. नव्या तारा लावल्या आणि त्या नेहमीच्या सुराला न चढवता तीन घरे खाली, सैल ठेवल्या. सैल तार मऊ असते. सुजलेल्या बोटालाही दबते. मग ती जुनी डबी काढली. या वेळी तिला उलटे काम सांगितले: खालचा सूर तीन घरे वर न्यायचा. दुसऱ्या दिवशी मास्तर अंघोळीला गेलेले असताना त्याने डबी दिवाणाखाली सरकवली, वायरी भिंतीकडेने नेल्या, आणि वर एक शाल टाकली.

"एकदा बघा तरी वाजवून," तो म्हणाला.

मास्तर अनिच्छेने बसले. गिटार मांडीवर घेतली. एक सूर छेडला आणि थांबले. मग त्यांनी असे काही केले जे शिष्याने त्यांना कधी करताना पाहिले नव्हते. ते वाकले आणि त्यांनी लाकडावर कपाळ टेकवले. तसेच वाकून त्यांनी पुन्हा तार छेडली.

ते बराच वेळ वाकून राहिले.  शाल दिवाणाच्या कडेला लोंबत होती आणि तिच्याकडे पाहायचे नाही असे शिष्याने ठरवले होते.

मास्तर सरळ बसले. त्यांचे डोळे ओले होते.

"आज हवा चांगली आहे," ते म्हणाले. "बोटं मोकळी वाटताहेत."

"हो मास्तर," शिष्य म्हणाला. "हवा चांगली आहे."

मग मास्तरांनी नदीचे गाणे वाजवले, सावकाश, सुजलेल्या बोटांनी, जसे जमेल तसे. अंतरा आला. जिथे सूर उंच चढायचा तिथे त्यांनी हात तारांवर नुसता ठेवला आणि तेवढी जागा रिकामी सोडली. शिष्यानेही ती भरली नाही.