राजानं न वाचलेली पानं

एका राज्यात, ज्याचं नाव आता कुणाच्या तोंडी उरलेलं नाही, भानुकेत नावाचा राजा होता. दिसायला देखणा, हाताचा सढळ, मनाचा निर्मळ. खोड एकच. धीर म्हणून नाही. गवयानं आलाप सुरू केला की राजा म्हणे, भैरवी गा. फिर्यादी गाऱ्हाणं सांगू लागला की म्हणे, निकाल काय हवा तेवढं बोल. पानावर बसला की हात आधी ताकभाताकडे. हसू नका. अशी माणसं आपल्याही घरात असतात, पण ती राजे नसतात म्हणून निभावून जातं.

तर हा राजा एकदा शिकारीला निघाला आणि वाटेत त्याला भारद्वाज दिसला. तांबूस पंखांचा, लालबुंद डोळ्यांचा. भारद्वाज दिसणं म्हणजे शुभशकुन, हे राजालाही ठाऊक होतं. पक्षी उडाला नाही. करवंदीच्या जाळीत तुरुतुरु चालत गेला, मागे वळला आणि म्हणाला, "राजा, आत ये." त्या काळी त्या राज्यात पक्षी बोलत असत, त्यामुळे राजाला काही नवल वाटलं नाही. त्यानं घोडा झाडाला बांधला आणि काटे चुकवत आत शिरला.

जाळीमागे गुहा होती, आणि गुहेत पोथ्याच पोथ्या. काय नव्हतं त्यात! भूर्जपत्रावरच्या, ताडपत्रावरच्या, जाड खळीच्या कागदावरच्या. काही रेशमी बासनात बांधलेल्या, काही जुन्या लुगड्याच्या धडप्यात. चेटकिणींच्या आणि धूर्त कोल्ह्यांच्या गावगोष्टींना खेटून राजकन्यांच्या प्रेमकथा, त्यांच्या डोक्यावर उडत्या पलंगांच्या अद्भुतकथा, आणि सगळ्यांत खाली, धुळीनं माखलेले, गूढविद्येचे गठ्ठे. क्रम नाही, लावालाव नाही. मांडणाऱ्यानं जणू मुद्दामच सगळ्यांना एकमेकांच्या शेजारी बसवलं होतं. राजा हरखून गेला. त्यानं जन्मात एवढी अक्षरं एका जागी पाहिली नव्हती.

भारद्वाजानं सांगितलं, की शबल नावाच्या मांत्रिकानं सारी हयात गावोगाव हिंडून ही पोथ्यांची रास जमवली. मरताना त्यानं तिच्यावर मंत्र घातला आणि पक्ष्याला राखणीला ठेवलं. पोथी गुहेबाहेर न्यायची नाही. वाचायची तर पहिल्या पानापासून. मधली पानं गाळून जो फळ घेईल त्याला फळ मिळेल, पण त्याच्या आयुष्याची मधली पानंही गळतील.

राजानं नेमकं अर्धं ऐकलं. फळ म्हणताच त्याचे कान टवकारले. पोथीच्या शेवटच्या पानावर फलश्रुती असते, ही पोथी वाचल्यानं काय लाभेल ते त्यात लिहिलेलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोथीची पानं सुटी. राजानं प्रेमाची पोथी उचलली, गठ्ठा उलटा केला आणि तळचं पान ओढून काढलं. पानावर लिहिलं होतं, जो ही वाचील त्याला मनाजोगती सखी लाभेल.

त्यानं वाचून मान वर केली, तो मांडवात उभा. गळ्यात हार, समोर मृगावली नावाची कन्या, भोवती अक्षता उडतायत. मुलगी अशी, की तिच्याकडे पाहताच राजाचं काळीज हललं. तिनं हळूच विचारलं, नदीकाठी दिलेलं वचन आठवतंय ना? राजाला कुठली नदी आणि कुठलं वचन! लोकांच्या लेखी तो वर्षभर तिच्या मागे फिरला होता, भांडला होता, रुसला होता. देह होता तिथं, राजा नव्हता. त्यानं आपली मान हलवली. मनात म्हणाला, बरं झालं, मागे फिरायची दगदग वाचली.

संसार सुखाचा होता, हे मी कबूल करतो. मृगावली मोठमोठ्यानं हसायची, राजाच्या घाईची नक्कल करायची, आणि तोही हसायचा. पण मूल होईना. वैद्य म्हणाले, थांबा. थांबणं आणि भानुकेत? उठला तो थेट गुहेत. गावगोष्टींची पोथी ओढली, तळचं पान काढलं. वाचणाऱ्याच्या घरी गुणी संतान खेळेल.

मान वर केली, तो अंगणात एक मुलगी धावतेय. पुढचे दोन दात पडलेले, परकर चिखलानं भरलेला. तिचं नाव कुंदलता हेसुद्धा राजाला दासीच्या हाकेवरून कळलं. त्यानं तिला उचलायला हात पसरले आणि ती आईच्या पाठीमागे लपली. राणी राजाकडे बघत राहिली. त्या दिवसापासून तिचं हसणं कमी झालं.

आता इथं तरी शहाणपण सुचावं की नाही? सुचलंही होतं. राजानं गुहेकडे पाठ फिरवली. मुलीला जवळ घेऊ लागला, तिला घोड्यावर बसवू लागला. पण शेजारच्या राज्यातला क्रूराक्ष नावाचा जादूगार सरहद्दीवर येऊन बसला. त्यानं विहिरींचं पाणी आटवलं, सैनिकांचे दगड केले. राजाचा जीव टांगणीला लागला. त्याला वाटलं, एकदाच, शेवटचं, आणि तेही बायकोपोरीसाठी. तो निघताना मृगावली दारात आडवी उभी राहिली.

"लढाई व्हायची ती होऊ दे," ती म्हणाली. "पण या वेळी तुम्ही जाऊ नका."

"मी कुठं जातोय? हा आलोच," राजा म्हणाला.

गूढविद्येची पोथी, तळचं पान. राज्य निष्कंटक होईल.

मान वर केली, तो उघड्या चौकात मांडलेल्या सिंहासनावर बसलेला. क्रूराक्ष हरला होता, दगड झालेले शिपाई पुन्हा माणसं झाले होते, गुढ्या उभारल्या होत्या. विहिरी तेवढ्या अजून कोरड्या होत्या. राजाच्या छातीवर मात्र पांढरी दाढी रुळत होती. शेजारचं आसन रिकामं होतं. समोर एक तरुण मुलगी उभी होती. भर उन्हात उभी, पण तिची सावली पडत नव्हती. ती चालत आली तर ओल्या मातीत पाऊल उमटलं नाही. बोलली तेव्हा आवाज असा बसलेला, की पुढे वाकून ऐकावं लागलं.

"राणीसाहेब कुठं आहेत?" राजानं विचारलं.

"महाराज, आईला जाऊन किती पावसाळे झाले," कुंदलता म्हणाली. "तुम्हीच अग्नी दिलात."

राजा सिंहासनावरून उठला आणि खाली बसला, जमिनीवर, सगळ्या दरबारासमोर. ज्या हातांनी तिला अग्नी दिला त्या हातांना काही आठवत नव्हतं. रडावं तर काय आठवून रडावं, तेही त्याच्यापाशी नव्हतं. म्हातारा झालेला प्रधान म्हणाला, की राजकन्येची सावली आधी गेली, मग पाऊल गेलं, आता वाचा चाललीय. वैद्यांनी हात टेकलेत.

राजा काठी टेकत गुहेत गेला. भारद्वाज होता तिथंच होता. राजा म्हणाला, माझी वर्षं परत दे. पक्षी म्हणाला, ती माझ्यापाशी नाहीत. राजा म्हणाला, मग मुलीला वाचव.

"न वाचलेल्या पोथीचं फळ देठाला टिकत नाही," भारद्वाज म्हणाला. "मुलगी पानगळ संपायच्या आत जाईल. तिन्ही पोथ्या वाच. पहिल्या पानापासून, एक ओळ न गाळता."

मग राजा वाचायला बसला. ज्याला दोन ओळींचा खलिता लांबलचक वाटायचा तो डोळे बारीक करून, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावू लागला. प्रेमाच्या पोथीत एक राजपुत्र होता आणि नदीवर कपडे वाळत घालणारी एक मुलगी. तिनं राजपुत्राला ओळखलं नाही आणि त्याच्याकडून ओली वस्त्रं पिळून घेतली. राजा वाचता वाचता हसला आणि हसता हसता थांबला, कारण ती मुलगी मृगावली होती. त्याची स्वतःचीच गळलेली पानं पोथीत येऊन बसली होती. कसं तिनं त्याला तीनदा नाकारलं, कसा तो पुरात उडी मारून पलीकडे गेला, काठावर दमून पडल्यावर काय वचन दिलं, सगळं. वचन एवढंच होतं, की तिला कधी एकटं जेवायला लावणार नाही. राजानं ते परक्याचं वाचावं तसं वाचलं. पोथी संपली त्या दिवशी कुंदलतेची सावली अंगणात पडली.

दुसऱ्या पोथीत गावगोष्टी होत्या. कोल्ह्यानं म्हातारीला फसवलं, म्हातारीनं कोल्ह्याला फसवलं, चेटकिणीनं सून पळवली. आणि गोष्टीच्या मध्येच कुणी लहानसं माणूस विचारी, मग कोल्हा उपाशी झोपला? गोष्ट सांगणारी राणी होती, विचारणारी कुंदलता. प्रत्येक गोष्टीनंतर राणी म्हणे, उरलेली बाबांना विचार. मुलगी विचारायला जाई आणि बाबा म्हणत, नंतर. हे 'नंतर' एवढ्या वेळा आलं, की राजाला ते पान नकोसं व्हावं. पण ओळ गाळायची नव्हती, तेव्हा प्रत्येक 'नंतर' त्यानं मोठ्यानं वाचलं. पोथी संपली, आणि कुंदलतेचं पाऊल ओल्या मातीत उमटलं.

तिसरी पोथी अवघड. आरशातून पलीकडे कसं जावं, वाऱ्याला गाठ कशी मारावी, मेघांकडून निरोप कसा धाडावा. त्या मंत्रांच्या मधून मृगावली चालत होती. नवऱ्याच्या देहात नवरा नाही, हे तिनं ओळखलं होतं. तो गेला कुठं, हे विचारत ती जादूगारांच्या दारोदार फिरली. एकानं तिला काजळाच्या थेंबात बघायला लावलं, एकीनं मिठाच्या खाणीत बसवलं, आणि शेवटी एका आंधळ्या साधूनं सांगितलं, की तो पुढे आहे, तू जिथवर पोचणार नाहीस तिथं. तो येईल, पण तू नसशील. राणी घरी परतली आणि अंथरुणाला खिळली.

इथं राजाचं बोट थांबलं. आता मोजकीच पानं उरली होती, आणि त्यांत काय आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. या पानावर राणी जिवंत होती. उशाशी दिवा होता, ती पाणी मागत होती. राजानं ते पान पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचलं. एके काळी शेवटासाठी तडफडणारा माणूस आता पान उलटेना. भारद्वाजानं दोनदा हटकलं, त्यानं ऐकलं नाही. तो म्हणायचा, मला इथंच राहू दे, एवढ्या उशिरा भेटलीय ती.

बाहेर झाडं उघडीबोडकी होत चालली होती. कुंदलता स्वतः गुहेत आली, त्याच्यासमोर बसली आणि काही बोलली. ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं गळ्याला हात लावला, पुन्हा बोलून पाहिलं. तिच्या मागची भिंत तिच्यातून दिसू लागली होती. राजानं मुलीकडे पाहिलं, हातातल्या पानाकडे पाहिलं. त्याला मुलीचा राग आला, हे लपवून उपयोग नाही. आणि त्या रागाची लाज वाटून त्यानं पान उलटलं.

पानावर राणी उशीला टेकून बसली होती. शेजारी राजाचा देह बसला होता, तिचा हात हातात घेऊन. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत ती बोलत होती.

"तुम्ही हे कधीतरी वाचाल, म्हणून सांगते. मी फार रागावले होते. आता रागवायला वेळ नाही. कुंदाला माझ्या गोष्टी अर्ध्याच ठाऊक आहेत, तेवढ्या तिला पुऱ्या करून सांगा. आणि एकदा 'आलो' म्हणा. मला ऐकू येणार नाही, पण म्हणा."

"आलो," राजा मोठ्यानं म्हणाला. "मृगा, मी आलो."

पुढच्या ओळीत राणीनं मान खिडकीकडे वळवली. त्याच्या पुढच्या ओळीत ती गेली. पोथी लिहून झालेली होती, तिच्यात एक अक्षर बदललं नाही. राजा मात्र आता पोटभर रडला. त्याच्यापाशी आठवण्यासारखं सारं होतं.

तळाला फलश्रुतीचं पान उरलं होतं. ते वाचायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"बाबा," कुंदलता म्हणाली. आवाज स्वच्छ होता. भारद्वाज एकदा घुमला आणि जाळीतून निघून गेला, राखणीतून सुटला बिचारा. शाप सरला. आटलेल्या विहिरींना पाणी आलं, झाडांना पालवी फुटली, आणि राजाचा दरबार पहिल्यासारखा भरू लागला. फिर्यादीचं गाऱ्हाणं आता शेवटपर्यंत ऐकलं जाई, मग सूर्य मावळो. गुहेपुढची करवंदीची जाळी राजानं तोडवली आणि पोथ्या सगळ्यांना खुल्या केल्या. कुंभार आले, नाखवे आले, भांडखोर सासवा आल्या, ज्याला जे आवडलं ते घेऊन बसू लागले.

कुंदलताही आली. पांढरी दाढी सावरत राजानं तिच्यासमोर तिन्ही पोथ्या ठेवल्या, प्रेमाची सगळ्यांत वर. बासनाची गाठ सोडायच्या आधी तिनं विचारलं, "बाबा, शेवटी काय होतं?"

"शेवटी आई जाते," राजा म्हणाला. "पण तिथपर्यंत ती आहे."

मग त्यानं पहिलं पान काढून मुलीच्या हातात दिलं, आणि नदीकाठापासून दोघं वाचायला लागले.