राजानं तीनदा काढलेली खपली

एक होता राजा. त्याला धीर म्हणून नव्हता. भात शिजत असला तरी चारदा झाकण उघडून बघायचा, बरं का.

त्याची लेक गुंजा. दसरा झाला की तिचं लग्न. म्हणजे हा माहेरचा शेवटचा भोंडला! मैत्रिणींबरोबर फेर धरायचा म्हणून ती वर्षभर वाट बघत होती. आणि ऐन वेळी पायरीवरून पडली. गुडघा फुटला.

मग गुडघ्यात कामगार आले. तिळाएवढे. आधी त्यांनी रक्त अडवलं. मग वर खपलीचं छप्पर घातलं, खालचा कचरा काढला, आणि कडेकडेनं नवी कातडी विणायला बसले. आपल्या सगळ्यांच्या गुडघ्यात असंच चालतं, बरं का.

राजा म्हणाला, "बघू तरी, कुठवर आलंय!" काढली खपली. आलं रक्त.

आतून मुकादम येसाजी ओरडला, "छप्पर कुणी नेलं?"

"मी," राजा म्हणाला. "चुकलो."

मग पुन्हा छप्पर, पुन्हा विणकाम.

मग राजाला वाटलं, बिचारे अंधारात काम करतात. त्यानं खपली उचलून वर पणती धरली. तेल सांडलं. येसाजी तेलानं न्हाला.

"बाबा, हात नका ना लावू," गुंजा म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच करतोय!"

पुन्हा छप्पर, पुन्हा विणकाम. मग राजाला वाटलं, एवढं राबतात, त्यांचा सत्कार करावा. पुन्हा खपली काढली. येसाजीला शाल दिली. मग श्रीफळ दिलं. येसाजी तिळाएवढा, नारळ नारळाएवढा. येसाजी उडी मारून वाचला. गुडघा नाही वाचला.

मग भोंडला आला. पाटावर हत्ती काढला. मुलींनी फेर धरला. गुंजा खाटेवर बसून टाळ्या वाजवत राहिली. राजाला खिरापतीचा घास उतरेना.

मग कुठे त्यानं हात आवरला. खपली वाळली, आपली आपण गळून पडली. खाली नवी कातडी होती. मधोमध पांढरा वण.

"येसाजी, एवढा वण पुसा की."

"महाराज, तीनदा उसवलेलं विणलंय. पहिल्यासारखं कसं होईल?"

"आणि तिचा भोंडला?"

"तो नाही विणता येत आम्हाला."

राजा मुसमुसून रडला. गुंजानं पदरानं त्याचे डोळे पुसले. मग ती आपल्या पायांनी चालत सासरी गेली. तिथे ती सुखात राहिली, इथे राजाही राहिला, जमेल तसा.

चला, मिटा डोळे. आणि बब्या, गुडघ्यावरचा हात काढ आधी.