आठवी भरारी

पाणचक्क्या फिरायच्या त्या काळची गोष्ट. एका चक्कीवरची भुरी कोंबडी दिवसभर सांडलेली ज्वारी टिपायची. ती इतकी जड झाली, की तिला तुळईवर उडून बसता येईना. कुंपणातलं मुंगूस म्हणालं, "अजून जरा भर, भुरे. मी थांबतो."

घाबरून भुरीने खाणंच सोडलं. तिसऱ्या दिवशी तिला पंखही उचलवेनात. म्हातारा कोंबडा म्हणाला, "उपाशी पंखांत बळ कुठून येणार, पोरी? खा, पण मोजून. दर दहा दाण्यांमागे एकदा पोत्यांवर उडून बस."

महिनाभर तिने ते पाळलं. एका संध्याकाळी मुंगूस झेपावलं आणि भुरी थेट तुळईवर पोचली. वरून म्हणाली, "आज सत्तर दाणे खाल्ले, सात भराऱ्याही झाल्या होत्या. ही आठवी तुझ्यामुळे झाली. म्हणजे आणखी दहा दाणे माझे."