भिवराची झडती

फार फार मागची गोष्ट. घोणसगडावर तेव्हा शिबंदी होती आणि पायथ्याच्या कोळंब्यात भिवरा ओतारीण राहत होती. गडाच्या बंदुकांना लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या तीच ओतायची. गोळी दाताखाली धरली की शिसं किती मऊ आहे ते तिला कळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी गडावर बंदुका फुटू लागल्या. राणू शिपायाचा अंगठा गेला. आठ दिवसांनी दुसरी नळी फुटली आणि एक माणूस जागच्या जागी मेला. सुभानजी हवालदार मुळातच संशयी. भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला घातल्याशिवाय तो जेवायचा नाही, असं म्हणतात. त्याने आधी बंदुकीची दारू कुटणाऱ्यांना कोंडलं. तरी तिसरी बंदूक फुटलीच. मग त्याने भिवराचं नाव घेतलं. शत्रूला फितून ती गोळ्यांत काहीतरी घालते, असं त्याचं म्हणणं. गावानेही ते खरं धरलं. पाणवठ्यावर बायका तिला पाहून घागरी उचलू लागल्या. शेवटी तिच्या कडेलोटाचा दिवस ठरला.

त्या दिवशी तिला गडावर नेलं. ती रडली नाही. तिने राणूला एवढंच विचारलं, की गोळी नळीत उतरवताना कशी जात होती. राणू म्हणाला, हल्ली गजाने ठोकून ठोकून बसवावी लागते. भिवराने कोठीतली एक गोळी मागितली आणि दाताखाली धरली. तिचा दात तुटला. तो आवाज खाली नदीच्या उतारापर्यंत गेला, असं म्हणतात.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "माझी गोळी मऊ असते. नळीत दबते, वाट काढते. ही दबत नाही. अडून बसते. मागे दारू पेटली की त्या जाळाला पुढे वाट मिळत नाही, म्हणून तो नळीच फोडतो."

सुभानजीला पटलं नाही. तेव्हा तिने दोन बंदुका जांभळाच्या झाडाला बांधायला लावल्या. दोन्हींत एकाच मापाची दारू. एकीत तिच्या झोळीतली गोळी, दुसरीत कोठीतली. सगळे कातळाआड बसले आणि लांब वातीने बत्ती दिली. पहिली बंदूक उडाली आणि शाबूत राहिली. दुसरी फुटली. त्या दणक्याने समोरच्या कड्यावरची मधाची पोळी गळून पडली, असं म्हणतात.

आता माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोठीला हात कोण लावतो? किल्ली कुणाकडे? किल्ली एकाच्याच कमरेला होती.

सुभानजीने कमरेची किल्ली सोडून हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या गोळ्या वितळवून मीच मिसळलं. कथील आणि फुटक्या घंटेचे तुकडे. गोळी ढालीतून आरपार जावी म्हणून."

"मला का नाही विचारलंत?"

"तुझा भरवसा नव्हता."

राणूने आपला बिनअंगठ्याचा हात त्याच्यासमोर धरला आणि खाली घेतला. सुभानजीने किल्ली भिवरापुढे ठेवली. तिने ती घेतली नाही. त्या सगळ्या गोळ्या त्याने स्वतः डोक्यावरून वाहून खालच्या डोहात टाकल्या. त्याला सात दिवस लागले, आणि तो डोह त्यानंतर कधी आटला नाही, असं म्हणतात. भिवरा पुढे मरेपर्यंत कोळंब्यातच राहिली. पण पाणवठ्यावर ती गेली नाही. अंगणात तिने स्वतःची विहीर खणली.

आजही कोळंब्यात चोरीचा आळ घेऊन कुणी चावडीवर आलं, तर पंच उठतात आणि आधी आळ घेणाऱ्याचंच घर उघडून बघतात. सरपंच असला तरी सुटका नाही. याला भिवराची झडती म्हणतात. मागल्या वर्षी पंपाची मोटर चोरीला गेली म्हणून एकजण तावातावाने आला होता. पंच चपला घालू लागले, तसा तो म्हणाला, राहू द्या, घरी एकदा नीट बघून येतो.