धूसरेसाठी खणलेला खड्डा

पूर्वी कुसुमवती नगरीत राजा जयंतसेन राज्य करीत असताना, त्याच्या राज्यारोहणाच्या एकोणिसाव्या वर्षी, ज्येष्ठ महिन्यात, ऐन ग्रीष्म ऋतूत, बोधिसत्त्व उत्तर वेशीबाहेरील गवळ्यांच्या वस्तीत गोवैद्य म्हणून राहत होते. त्यांचे नाव शालिन. वयाने सत्तरी ओलांडली होती. घरी पत्नी नव्हती, अपत्य नव्हते. होती ती धूसरा नावाची एक राखाडी गाढवी. अठरा वर्षे तिने त्यांच्या औषधांच्या गोण्या गोठ्यागोठ्यांतून वाहिल्या होत्या.

पुष्कळ वर्षांपूर्वी वस्तीत गुरांची साथ आली, तेव्हा शालिनांनी दोन नियम घालून दिले होते. मेलेले जनावर माणसाच्या हनुवटीइतक्या खोल खड्ड्यात पुरावे, म्हणजे कोल्हे ते उकरणार नाहीत. आणि ज्याचे जनावर त्याच्याच घरच्यांनी खड्डा खणावा, म्हणजे रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार नाही. खड्डा पुरेसा खोल आहे की नाही, हे ते स्वतः आत उतरून पाहत. काठ हनुवटीला लागला नाही, तर "आणखी खणा" एवढेच सांगत. साथ सरली, नियम राहिले.

शोक करणाऱ्याला सांगण्याचे त्यांचे एक वाक्य ठरलेले होते : "देह आहे, तो जाणारच." वाक्य खरे होते. ते सांगून झाले की ते पुढच्या गोठ्याकडे वळत.

ज्येष्ठ शुद्ध द्वादशीला सकाळी धूसरा उठली नाही. तिला कोणताही रोग नव्हता. वय झाले होते. शालिनांनी तिच्या कानामागे हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. मग कुदळ घेऊन ते घरामागच्या माळावर गेले.

माळ मुरमाचा होता. कुदळीचा घाव बसे, ठिणगी उडे, आणि मूठभर खडे सुटत. वाटेने जाणारा तुंडिल नावाचा गवळी थांबला व हात जोडून म्हणाला, "वैद्यबुवा, देह आहे, तो जाणारच."

शालिनांनी मान हलवली. आपले वाक्य इतके कोरडे आहे, हे त्यांना सत्तर वर्षांत प्रथमच कळले.

थोड्या वेळाने वस्तीचा ग्रामणी बाहुक आला. तो मनाने चांगला होता, पण त्याला प्रत्येक गोष्ट लवकर उरकायची असे.

"अहो, एका गाढवासाठी एवढा खटाटोप? ओढ्यापलीकडच्या घळीत लोटून देऊ. तुमचा खड्डा मोजायला कोण येणार आहे? मोजणारे तुम्हीच!"

"म्हणूनच," शालिन म्हणाले.

"मग चार गडी तरी देतो."

"नको. ज्याचे जनावर त्याने खणावे."

"तुमचे आपले एक म्हणजे एक," असे पुटपुटत बाहुक निघून गेला.

दुपार कलली तेव्हा खड्डा गुडघ्याइतका झाला होता. शालिनांच्या तळहातांना फोड येऊन फुटले होते. सूर्यास्तापूर्वी काम पुरे झाले नाही, तर कोल्ह्यांना अडवणारे कोणी नव्हते. ते खड्ड्याच्या काठावर बसले. उठावे असे त्यांना वाटत होते, पण पाय ऐकत नव्हते.

तेवढ्यात कुरंगी नावाची वृद्ध गवळण आली. ती विधवा होती आणि जिभेने तिखट म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या खांद्यावर कुदळ होती. मागे दोन सुना होत्या. एकीच्या हातात फावडे, दुसरीच्या हातात ताकाचे मडके.

"किती झाला?" तिने विचारले.

"गुडघ्याइतका."

"मग हनुवटी अजून बरीच वर आहे की हो, वैद्यबुवा."

"कुरंगीबाई, तुम्ही परत जा. नियम असा आहे की–"

"नियम मला सांगू नका. माझी म्हैस विहिरीत पडून मेली, तेव्हा साथ होती का? रोग होता का? तेव्हा मुले लहान होती, या सुनाही आल्या नव्हत्या. दोन दिवस एकटी खणत होते मी. शेजारी कुंपणापाशी उभे राहून बघत होते, पण तुमच्या धाकाने कोणी पुढे आले नाही. मग तुम्ही आत उतरलात आणि म्हणालात, आणखी एक वीत."

शालिनांना ती वीत आठवली. आपण चोख केलेल्या कामांमध्येच आजवर त्यांनी ती धरली होती.

"ती वीत खणताना तुम्हाला काय काय शिव्या दिल्या, ते सुनांसमोर सांगत नाही," कुरंगी म्हणाली. "पण जनावर गेल्यावर एकट्याने खणणे म्हणजे काय, हे या वस्तीत मला ठाऊक आहे. म्हणून आले. सरका बाजूला."

शालिन बाजूला सरकले. मग म्हणाले, "कुरंगीबाई, माझी चूक झाली."

"झालीच. ताक प्या."

ते ताक प्यायले. तिघी खड्ड्यात उतरल्या. ते दुरून पाहून तुंडिल आला. मग बाहुकही आला, चार गड्यांना घेऊन, आणि आपण जणू आधीपासूनच तिथे होतो अशा रीतीने हुकूम सोडू लागला.

खणता खणता लोक धूसरेविषयी बोलू लागले. तिने कुरंगीचे वाळत घातलेले सांडगे सलग दोन उन्हाळे खाल्ले होते. एकदा बाहुकाचे मुंडासे चावून टाकले होते, आणि त्या दिवशी तो उघड्या डोक्याने सभेला गेला होता.

"उघड्या डोक्याने नव्हे," बाहुक म्हणाला, "बायकोचा शेला गुंडाळून गेलो होतो."

"आजाऱ्याच्या गोठ्यापाशी ती न सांगता थांबायची," तुंडिल म्हणाला. "गाय आजारी आहे हे वैद्यबुवांच्या आधी तिला कळायचे."

"ते खरे आहे," शालिन म्हणाले आणि हसले. हसताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

सूर्य मावळतीकडे झुकला तेव्हा कुरंगीने कुदळ खाली ठेवली. "उतरा आता. मोजा."

शालिन आत उतरले व ताठ उभे राहिले. काठ हनुवटीला लागला. माप बरोबर होते. मग त्यांनी वर येण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांच्या लक्षात आले की आज ते आपल्या बळावर वर येऊ शकत नाहीत.

"हात द्या," ते म्हणाले.

हे शब्द त्यांनी जन्मात कधी उच्चारले नव्हते. काठावरून एकदम पाच-सहा हात पुढे आले.

मग धूसरेला दोरांनी खाली सोडले आणि सर्वांनी तिला मूठमाती दिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका वृद्ध उपासिकेला सांगितली. तिचे मांजर मेल्यापासून ती दार लावून बसली होती, आणि समाचाराला येणाऱ्यांना "मांजरासाठी कशाला त्रास घेतलात?" असे म्हणून परत पाठवीत होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "उपासिके, तेव्हाची कुरंगी म्हणजे तीन दिवस तुझ्या दाराशी पेज ठेवून जाणारी तुझी शेजारीण. ग्रामणी बाहुक म्हणजे तुझा दीर, जो दुसरे मांजर आणून देतो म्हणाला. गोवैद्य शालिन मीच होतो. आणि धूसरा म्हणजे तू आता पुरलेस ते तुझे मांजर. देणाऱ्याने पुढे केलेला हात न नाकारणे, हासुद्धा दानपारमितेचाच, दानाच्या पूर्णत्वाचाच, भाग आहे. तो मी त्या जन्मी, फार उशिरा शिकलो."

मग उपासिकेने विचारले, "भगवन्, आणि त्या नियमाचे पुढे काय झाले?"

"आठ दिवसांनी शालिनांनी सभा बोलावून तो बदलला," शास्ते म्हणाले. "साथ नसेल, तर ज्या घरचे जनावर गेले असेल तिथे प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ घेऊन जाईल, आणि त्या घरच्यांनी नको म्हटले तरी परत फिरणार नाही, असे ठरले. तो ज्येष्ठ वद्य पंचमीचा दिवस होता."