लसशाळेचं बिल आणि दिवाणजींची बाही

"बिल थकलं! सोमवारी तार कापणार!" असा हुकूम सोनधार संस्थानच्या लसशाळेच्या दारावर डकवला गेला आणि डॉक्टर तळवलकर आधी कुप्या मोजायला धावले. आत थंड खोलीत गुरांच्या बुळकांडीवरच्या लसीच्या चार हजार कुप्या होत्या. वीज गेली की खोली तापणार, लस नासणार! आणि रोग तर दोन गावांवर येऊन ठेपलेला. लस बनवायला लागणारे लसशाळेतले ससे भिवरा सांभाळायची. तिच्या बापाची बैलजोडी रोगाच्या वाटेवरच्याच गावात होती.

वीज कमी होती म्हणावं, तर तसंही नाही. संस्थानच्या धबधब्यावर संस्थानचंच वीजघर धो धो चालत होतं. पण दराचे वर्ग पाडले होते दिवाण बहिर्जीरावांनी, आणि बिलाची वसुलीही त्यांच्याच हातून व्हायची. राजवाडा 'धर्मादाय' वर्गात, म्हणून फुकट. दिवाणजींच्या मेहुण्याचा बर्फाचा कारखाना 'उद्योग' वर्गात, म्हणून निम्मा दर. आणि लसशाळा? ती 'करमणूक' वर्गात, तमाशाच्या तंबूच्या शेजारी, सगळ्यांत चढा दर! का, तर येणारेजाणारे खिडकीतून ससे बघतात! महाराजांच्या पोपटालाही विजेचा पंखा होता. त्याचा वर्ग कोणता, हे विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

डॉक्टरांचे सतरा अर्ज केराच्या टोपलीत गेले. शेवटी ते दरबारात गेले, पण महाराजांसमोर त्यांची बोबडीच वळली. मग सोबत आलेली भिवरा पदर खोचून पुढे झाली.

"म्हाराज, दर कमी करा!"

"आम्ही लावला तो दर लावला!"

"मग अनुदान वाढवा."

"एक छदामही नाही!"

"मग लस इकू का?"

"खबरदार! रयतेला लस फुकट, असं आम्ही भर दरबारात हातावर पाणी सोडून सांगितलंय!"

दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले. "दर तोच, अनुदान तेवढंच, लस फुकट आणि बिल मात्र पुरतं भरायचं! तू ससे राखतेस ना, बाई? मग आण एखाद्या सशाला शिंगं!"

"जमलं तर मागशील ते देऊ," महाराज म्हणाले. "नाही जमलं, तर सोमवारी तार कापू!"

भिवराने सिंहासनाकडे पाहिलं. चांगलं तीन पायऱ्या उंच, आणि त्या पायऱ्या चढायची दिवाणांनासुद्धा मुभा नव्हती. मग तिने दिवाणजींच्या रेशमी अंगरख्याच्या ऐसपैस बाह्या पाहिल्या.

"भरते की! आत्ताच भरते," ती म्हणाली. "म्हाराजांनी पाणी सोडलंय, तर पाण्यानंच भरू. एक तांब्या न् एक वाटी आणा!"

हात उंच करून तांब्या महाराजांच्या हाती देऊन ती खाली वाटी धरून उभी राहिली.

"ह्ये पाणी म्हंजी खजिन्यातला पैका. द्या आता अनुदान!"

महाराजांनी उजव्या हाताने वाटी काठोकाठ भरली. एक थेंब सांडला नाही.

"ही वाटी म्हंजी लसशाळा. आता बिल! दिवाणजी, ओंजळ करा!" तिने त्यांच्या ओंजळीत वाटी पालथी केली आणि रिकामी करून दाखवली. "म्हाराज, वीजघर कुणाचं?"

"आमचंच! दुसऱ्या कुणाचं असणार?"

"मग दिवाणजी, म्हाराजांच्या डाव्या हातावर भरणा करा!"

दिवाणजी टाचा उंचावून, हात वर करून ओंजळ पुढे करू लागले. पाणी मनगटावरून कोपरावर आलं, कोपरावरून काखेत गेलं आणि रेशमात गडप झालं. महाराजांच्या तळहातावर पडले मोजून तीन थेंब!

"एवढंच?" महाराज ओरडले. "बाकीचं पाणी कुठं गेलं?"

"मला का इचारता, म्हाराज? तुमी दिलं ते वाटीत आलं. वाटीतलं समदं मी भरलं, ही बगा रिकामी! द्येनार बी तुमीच, घेनार बी तुमीच. मधल्यामधी जिरलं ते ज्याची बाही वली, त्याला इचारा!"

दिवाणजींनी बाही पाठीमागे लपवली, पण मेली टपटप गळतच होती. महाराजांनी ती पाहिली आणि असे खदाखदा हसले की पगडी डोळ्यांवर आली.

"बिल पावलं!" ते म्हणाले. "आजपासून लसशाळेला वीज पडत्या भावात! वीजघर चालवायला जेवढा खर्च लागतो तेवढाच दर, आणि भरणा सरळ खजिन्यात!"

"पण... पण मग 'करमणूक' वर्ग ओस पडेल, महाराज!" दिवाणजी कळवळले.

"पडेल कसा? तिथे तुमचा वाडा घाला! आज दरबाराची एवढी करमणूक दुसऱ्या कुणी केलीय? आणि तू गं, माग काय हवं ते!"

"पोपटाचा पंखा द्या, म्हाराज. सशास्नी लई उकडतं."

महाराजांना पोपट आठवला, पण शब्द दिला होता! शनिवारी भिवराच्या बापाच्या बैलांना लस टोचली गेली. आणि सोमवारी तार कापायला निघालेला माणूस लसशाळेत आला तो पंखा घेऊन, आणि सशांच्या खोलीत बसवून गेला.