झिपरी खारीची लाल हिरडी

एक होती खार. तिचं नाव झिपरी. झिपरीला मिळाला पेरू. पिवळाधमक! तिनं घेतला चावा. कर्रम!

अगंबाई! पेरूवर रक्त!

"हिरडी हिरडी, बरी हो."

हिरडी म्हणाली, "मी नाही होणार! दात रात्रभर करकर करतात. आधी दातांना थांबव."

करकर? रात्रभर? झिपरीला पत्ताच नाही!

तुरूतुरू गेली पाण्यापाशी. पाण्यात दिसले दात.

"दात दात, थांबा ना.
दात करतात करकर,
हिरडी होईना बरी,
पेरू कसा खाऊ मी?"

दात म्हणाले, "आम्ही नाही थांबणार! आधी झोपेला आण."

तुरूतुरू गेली घरट्यात. कोपऱ्यात बसली होती झोप. रुसून!

"झोप झोप, ये ना.
झोप येईना नीट,
दात करतात करकर,
हिरडी होईना बरी,
पेरू कसा खाऊ मी?"

झोप म्हणाली, "मी नाही येणार! भीती मला ढकलते. आधी भीतीला घालव."

भीती? कुठंय भीती?

अगंबाई! दप्तरात! पाटीच्या मागं! धडधड, धडधड!

"भीती भीती, जा ना.
भीती जाईना दूर,
झोप येईना नीट,
दात करतात करकर,
हिरडी होईना बरी,
पेरू कसा खाऊ मी?"

भीती म्हणाली, "मी नाही जाणार! उद्या पाढे म्हणायचेत. चुकलं की मास्तर खेकसतात. आधी मास्तरांना सांग."

झिपरी गेली शाळेत. हळूहळू, हळूहळू. समोर हुप्पे मास्तर. मोठे वानर!

"मास्तर मास्तर, खेकसू नका ना.
मास्तर खेकसतात फार,
भीती जाईना दूर,
झोप येईना नीट,
दात करतात करकर,
हिरडी होईना बरी,
पेरू कसा खाऊ मी?"

"काऽऽय?" मास्तरांनी उघडलं तोंड. हे एवढं!

अगंबाई गं! मास्तरांची हिरडी पण लाल!

"मास्तर, तुमच्यावर कोण खेकसतं?"

मास्तर मटकन खाली बसले. "उद्या मोठे साहेब येणार. तुमचे पाढे ऐकणार. मला पण झोप नाही गं, बाळ."

झिपरीनं धरला मास्तरांचा हात. "मिळून म्हणू या?"

"बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक..."

"पाच!" म्हणाले मास्तर.

अगंबाई! मास्तर चुकले!

झिपरी हसली, खुदुखुदू. मास्तर हसले, खो खो खो!

मग मास्तर खेकसेनात.
भीती पळाली धूम.
झोप आली गाढ.
दात झाले गप्प.
हिरडी झाली बरी.
झिपरीनं खाल्ला पेरू. कर्रम कर्रम!

मास्तरांची हिरडी? ती अजून दुखते. मोठी आहे ना, वेळ लागतो. झिपरीनं उरलेला पेरू मऊ मऊ कुस्करला.

"आ करा, मास्तर."

पेरू संपला, गोष्ट संपली. चला, चूळ भरा!